घरी बांधावयाच्या कयाकसाठी स्वस्त प्लायवूड

कयाक म्हणजे दोन्ही टोकांस पाती असलेल्या वल्ह्याने चालवावयाची निमुळती, हलकी होडी. दिल्लीजवळच्या मानेसर येथील एखाद्या हौशी विद्यार्थ्याने ती घरी बांधावयाचे ठरविले, तर बाजारात त्याला स्वस्त प्लायवूड मिळेल ते बहुधा पॉपलर किंवा निलगिरीचे. हरियाणातीलच यमुनानगर हे या धंद्याचे मोठे केंद्र असून शेतात वाढविलेली ही झाडे तेथे कच्चा माल म्हणून वापरली जातात. असे प्लायवूड होडीस चालेल काय? याचे उत्तर लाकडापेक्षा त्यातील सरसावर अधिक अवलंबून आहे.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे, लगतच्या पापुद्र्यांचे तंतू एकमेकांशी काटकोनात ठेवून, चिकटविलेले असतात. त्यामुळे तक्ता सहसा चिरत नाही. परंतु सरस सुटला की हे बळ नाहीसे होते. आणि तो सुटतो तेव्हा होडी भर पाण्यात असते.

यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा सरस ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा टिकतो. म्हणून ‘एमआर’ प्रतीचा तक्ता होडीसाठी घेऊ नये. ‘बीडब्ल्यूआर’ प्रत गोड्या, शांत पाण्यातील होडीस काटकसरीची ठरते. भारतीय मानक ७१० चे सागरी प्लायवूड सर्वांत विश्वसनीय. त्याचा नमुना ७२ तास उकळून तपासतात.

केवळ शिक्क्यावर किंवा सरसाच्या गडद रंगावर विसंबू नये. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली तक्त्याचा लहान तुकडा काही तास उकळावा, वाळवावा आणि पटाशीने उचकटून पाहावा. पापुद्रे सहज सुटले, तर तक्ता टाकाऊ समजावा. लाकडाचेच तंतू फाटले, तर सरस चांगला. कडेला आतल्या थरांत पोकळ्या दिसल्यास तोही तक्ता नाकारावा.

ही परीक्षा सरसाची झाली, लाकडाची नव्हे. पॉपलर ओलाव्यात लवकर कुजते. म्हणून सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना व छिद्रांना, एपॉक्सीचा लेप द्यावा आणि त्यावर रंग लावावा. तक्ते तांब्याच्या तारेने टाके घालून जोडावेत व सांध्यांवर एपॉक्सीत भिजविलेली काचतंतूंची पट्टी बसवावी. १९६२ साली इंग्लंडमध्ये निघालेली ‘मिरर’ ही शिडाची होडी याच रीतीने हजारो हौशी लोकांनी घरी बांधली.

होडीच्या दोन्ही टोकांस हवाबंद कप्पे ठेवावेत. पहिली चाचणी उथळ पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालून आणि जाणत्या माणसाच्या सोबतीनेच करावी. काटकसर लाकडात करता येते. सरसात व सुरक्षिततेत ती करू नये.