मूलपेशींचे संशोधन आणि आपले विद्यार्थी

१९४९ साली इंग्लंडमधील ईटन येथील शाळेत एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात जीवशास्त्राच्या शिक्षकांनी प्रतिकूल शेरा लिहिला. या मुलाने वैज्ञानिक होण्याचा विचार करणे हास्यास्पद आहे, असा त्याचा आशय होता. तो विद्यार्थी म्हणजे जॉन गर्डन. १९६२ साली त्यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यापासून नवे पिलू वाढविले.

शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी निर्माण करू शकणारी आरंभीची पेशी म्हणजे मूलपेशी. त्वचेची पेशी एकदा घडली की ती मागे फिरत नाही, असा पूर्वी समज होता. गर्डन यांच्या प्रयोगाने त्याला तडा गेला. २००६ साली क्योतो येथे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या प्रौढ पेशीत अवघी ४ जनुके घालून तिला मूलावस्थेत नेले. २००७ मध्ये मानवी पेशींबाबतही हे साध्य झाले. २०१२ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

आरंभी निवडलेल्या २४ जनुकांतून ही ४ शोधण्याचे काम यामानाका यांचे तरुण सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी केले. सर्व जनुके एकत्र घालावयाची आणि एकेक वगळून परिणाम पाहावयाचा, ही त्यांची साधी युक्ती. ते मूळचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, हे विशेष.

आपल्याकडे पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र व बंगळूर येथील मूलपेशी संशोधन संस्थेत या विषयाचे काम चालते. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना, तसेच शिक्षकांनाही, नामवंत संशोधकांच्या हाताखाली दोन महिने काम करता येते. विद्यार्थ्याच्या अर्जासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. ते वेळेवर न मिळाल्यास ग्रामीण भागातील होतकरू विद्यार्थ्याची संधी हुकू शकते, याची जाणीव शिक्षकांनी ठेवावी.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार, रक्ताच्या काही मान्य विकारांवरील उपचार वगळता मूलपेशींचा रुग्णावरील वापर प्रायोगिक मानला जातो. सर्व रोग बरे करण्याच्या जाहिरातींना भुलून कोणी जमीन विकू नये, म्हणून गावात ही माहिती पोहोचविणे अगत्याचे आहे.

शिक्षकाच्या एका शेऱ्याने गर्डन थांबले नाहीत; परंतु प्रत्येक विद्यार्थी तसा खंबीर असतोच असे नाही. म्हणून शेरा लिहिताना व शिफारस करताना हात उदार असावा.