ई-मेलचे दप्तर : वाढत्या टपालपेटीची व्यवस्था

कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीइतकेच महत्त्व आज ई-मेलच्या टपालपेटीस प्राप्त झाले आहे. परिपत्रके, शाळांची माहितीपत्रके, नागरिकांचे अर्ज असा बराच पत्रव्यवहार या मार्गाने होतो. परंतु दप्तराचे गठ्ठे बांधण्याची आपल्या अंगवळणी पडलेली शिस्त या पेटीस क्वचितच लावली जाते. नेमून दिलेली मर्यादा संपली म्हणजे सर्व्हर नवे पत्र स्वीकारीत नाही. ते पाठविणाराकडे परत जाते. एखाद्या ग्रामस्थाचा मुदतीचा अर्ज असा परत गेला, तर कार्यालयास त्याची वार्ताही लागत नाही.

पेटी जड का होते?

ई-मेलला जोडलेली फाइल सामान्यतः 'बेस-६४' पद्धतीने अक्षरचिन्हांत रूपांतरित होते. तीत दर तीन बाइटांचे चार बाइट होतात. म्हणजे १५ मेगाबाइटची फाइल सुमारे २० मेगाबाइट जागा घेते. ती १५ तालुक्यांना पाठविली आणि सर्व्हरवर एकच सामाईक प्रत राखण्याची सोय नसली, तर ३०० मेगाबाइट जागा व्यापली जाते.

आकाराप्रमाणे पत्रांची संख्याही अडचणीची ठरते. जुन्या 'एमबॉक्स' पद्धतीत एका फोल्डरातील सर्व पत्रे एकाच सलग फाइलमध्ये राहतात. ती फाइल बिघडल्यास सगळीच पत्रे धोक्यात येतात. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात 'क्यूमेल' प्रणालीसाठी योजलेल्या 'मेलडिर' पद्धतीत प्रत्येक पत्राची फाइल स्वतंत्र असते. त्यामुळे हा धोका टळला. तथापि एकाच फोल्डरात लक्षावधी फाइली साचल्या, की यादी उघडणे व शोध घेणे मंदावते.

करावयाची व्यवस्था

(१) आलेली पत्रे मुख्य पेटीत न साठविता वर्षवार व विषयवार फोल्डरांत ठेवावीत.

(२) मोठी फाइल सामाईक साठ्यात ठेवून पत्रातून केवळ तिचा दुवा पाठवावा.

(३) काढलेले पत्र प्रथम कचरापेटीत जाते. तेथेही ते सामान्यतः जागा अडविते. म्हणून तीही तपासून रिकामी करावी.

(४) संपूर्ण पेटीची प्रत अन्यत्र ठेवावी व तीतून पत्र परत मिळते का, हे अधूनमधून पडताळावे.

नष्ट करण्यापूर्वी

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ या केंद्रीय कायद्याने संगणकाद्वारे तयार झालेले साहित्यही अभिलेखांत गणले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचिबद्ध ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. म्हणून कागदी संचिकेप्रमाणेच ई-मेलचेही अ, ब, क, ड असे वर्गीकरण व्हावे, आणि विहित मुदत संपल्यावर सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेनेच पत्र नष्ट व्हावे. पेटी भरली, एवढे कारण त्यास पुरेसे नाही.

हे काम एका कर्मचाऱ्याकडे सोपवून दरमहा ठरल्या दिवशी केल्यास फार वेळ लागत नाही. कागदी दप्तर नीट ठेवणाऱ्या कार्यालयास ही शिस्त नवी नाही. ती केवळ नव्या पेटीपर्यंत न्यावयाची आहे.