बेरजेत न मावणारे सैनिक
(इयत्ता पाचवी : सामान्यज्ञान व गणित यांचा समवायी पाठ)

उद्देश : भूसेनेची रचना विद्यार्थ्यांस समजावून देणे, आणि लढणाऱ्या जवानामागे उभ्या असलेल्या सहायक दलांविषयी त्यांच्या मनात आदर उत्पन्न करणे.

प्रस्तावना : सैनिक म्हटला म्हणजे खेड्यातील मुलांच्या डोळ्यांपुढे हाती बंदूक घेतलेला जवानच उभा राहतो. वस्तुतः गावातून सैन्यात गेलेल्यांत कोणी मोटारचालक असतो, कोणी आचारी, कोणी रुग्णांची शुश्रूषा करणारा. रजेवर आलेल्या अशा गृहस्थाला, ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ असे मुले विचारतात आणि उत्तर ऐकून हिरमुसली होतात. प्रसंगी त्याच्याच मुलाला, ‘तुझे वडील कुठे लढतात!’ असे सवंगडी हिणवतात. हा गैरसमज उपदेशाने जात नाही; हिशेबाने जातो. म्हणून पाठाचा आरंभ गणितानेच करावा.

विषयप्रतिपादन : शिक्षकाने फळ्यावर पुढील कोष्टक मांडावे. पायदळाच्या एका सेक्शनमध्ये सुमारे १० जवान असतात व त्यांचा नायक बहुधा हवालदार असतो. तीन सेक्शनची एक प्लॅटून, तीन प्लॅटूनची एक रायफल कंपनी आणि अशा चार कंपन्या मिळून बटालियन, म्हणजेच आपल्या बोलीतील पलटण होते. मुलांकडून गुणाकार करवून घ्यावा : १० × ३ × ३ × ४ = ३६०. नंतर पलटणीत प्रत्यक्षात सुमारे ८०० माणसे असतात, हे सांगावे आणि विचारावे, ‘उरलेले ४४० कोण?’

मुलांना तर्क करण्यास पुरेसा अवधी द्यावा. मग उलगडा करावा. प्रत्येक प्लॅटूनला व कंपनीला आपापले मुख्यालय असते. उखळी तोफा व इतर जड शस्त्रे वापरणारी सपोर्ट कंपनी निराळी असते. बिनतारी संदेश धाडणारे, वाहने हाकणारे, स्वयंपाक करणारे व जखमींना उचलून आणणारे यांचीही गणना पलटणीतच होते.

पुढची पायरी अशीच घ्यावी. तीन पलटणींची एक ब्रिगेड व सामान्यतः तीन ब्रिगेडची एक डिव्हिजन. नऊ पलटणींचे ७,२०० जवान होतात. डिव्हिजन मात्र सुमारे १५,००० ची असते. हे अंतर भरून काढणारी दले अशी : दुरून मारा करणारा तोफखाना, पूल बांधणारे व सुरुंग काढणारे अभियंता दल, म्हणजेच सॅपर, संदेशवहन करणारे सिग्नल्स, शिधा व इंधन पोहोचविणारे आर्मी सर्व्हिस कोअर, दारूगोळा व साहित्य पुरविणारे ऑर्डनन्स, यंत्रे दुरुस्त करणारे ई. एम. ई.; आणि वैद्यकीय दल.

येथे एका शब्दाविषयी सावध राहावे. ‘कोअर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन किंवा अधिक डिव्हिजन मिळून लेफ्टनंट जनरलच्या हाताखाली जी मोठी सेना होते, तिलाही कोअर म्हणतात; आणि सिग्नल्ससारख्या एकाच कामात तरबेज असलेल्या शाखेलाही कोअर म्हणतात. पहिली रचना लढाईची, दुसरी कसबाची.

दृष्टान्त : एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सेना नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाली असता, वाटेवर पेरलेल्या सुरुंगांनी व अडथळ्यांनी रणगाडे अडून राहिले. रस्ता मोकळा करण्याचे काम मुंबई सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या तुकडीकडे होते. ८ एप्रिलला काम सुरू होताच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा झाला; दोघे ठार झाले व पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते. तरीही ११ एप्रिलपर्यंत माऱ्याखालीच त्यांनी सुरुंग काढले, अडथळे दूर केले व रणगाड्यांना वाट करून दिली. १२ तारखेस सेना राजौरीत पोहोचली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले. ते काही पायदळाचे अधिकारी नव्हते. वाट करून देणे हेच त्यांचे काम होते, आणि ती वाट झाली नसती तर रणगाडे जागीच खिळले असते.

उपयोजन : नकाशात पुणे, खडकी, देवळाली व अहिल्यानगर ही ठिकाणे दाखवावीत. भूसेनेच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय पुण्यास, सॅपर्सचे केंद्र खडकीस, तोफखान्याचे विद्यालय देवळालीस व रणगाडा दलाचे केंद्र अहिल्यानगरास आहे. त्यानंतर गावातील एखाद्या निवृत्त सैनिकास शाळेत सन्मानाने बोलवावे. मुलांनी पुढील तीन प्रश्न वहीत लिहून आणून त्यांना विचारावेत : आपण कोणत्या दलात होता? आपले नेमके काम कोणते होते? ते एक दिवस बंद पडले असते, तर पलटणीचे काय झाले असते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी नीट ऐकले, की पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे. आचाऱ्याच्या किंवा चालकाच्या मुलाला त्या दिवशी वर्गात मान खाली घालावी लागणार नाही.