वसवसा म्हणजे ईमानाची उणीव नव्हे

वुजू पूर्ण झाला, तरी कोपर कोरडे राहिले असेल अशी शंका येते आणि वुजू पुन्हा केला जातो. नियत नीट झाली नाही असे वाटून नमाज पुन्हा सुरू होते. अल्लाहविषयी एखादा अभद्र विचार मनात चमकतो आणि माणूस भयाने गारठतो. अशा यातनेत दिवसाचे कित्येक तास घालवणारी माणसे आपल्याच घरांत असतात. 'तुझे ईमान कच्चे आहे,' एवढेच उत्तर त्यांना बहुधा मिळते. हे उत्तर दीनलाही धरून नाही आणि मानसशास्त्रालाही.

सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, उच्चारणेही जड वाटावे असे विचार मनात येतात, अशी तक्रार सहाबांनी (रजि.) केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही, ही तर ईमानाचीच खूण असल्याचे सांगितले. 1978 साली रॅचमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांची पाहणी केली. सुमारे 80 टक्के लोकांनी नकोसे विचार येत असल्याचे मान्य केले. त्या विचारांचे विषय रुग्णांच्या विचारांसारखेच होते. विचार येणे हा आजार नव्हे. त्याच्याशी चाललेली अखंड झुंज माणसाला थकवते.

ही झुंज उलटते कशी, हे अमेरिकेतील डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली दाखवले. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे विद्यार्थ्यांना सांगताच तोच विचार वारंवार आला; पुढे मोकळीक मिळाल्यावर तर तो अधिकच उसळला.

नेदरलँड्समधील व्हॅन डेन हाउट आणि किंट यांचा 2003 सालचा प्रयोग वुजूच्या शंकेशी थेट जुळतो. संगणकाच्या पडद्यावरील शेगडी लोकांनी पुनःपुन्हा तपासली. त्यांची स्मृती अचूकच राहिली, पण तिच्यावरचा विश्वास मात्र घटला. तपासण्याने खात्री वाढत नाही, शंकाच पोसली जाते. खात्रीने ठरलेली गोष्ट निव्वळ शंकेने मोडत नाही, हा फिक्हचा नियम येथे किती मोलाचा आहे, हे सांगायला नको. वुजूत अवयव तीनदा धुण्याची मर्यादाही म्हणूनच पाळावी.

शंका आयुष्य व्यापू लागली, तर तो ओसीडी हा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. 1966 साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये मांडलेल्या पद्धतीतून आजची उपचारपद्धती घडली : भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि धुण्याची वा तपासण्याची कृती करायची नाही. अस्वस्थता हळूहळू आपोआप ओसरते. गरजेनुसार डॉक्टर औषधेही देतात.

घरच्यांनी दोन गोष्टी टाळाव्यात : टोमणे आणि वारंवार दिलेली ग्वाही. 'झाला ना माझा वुजू?' या प्रश्नाला दहाव्यांदा 'हो' म्हणणे म्हणजे दहाव्यांदा तपासणेच होय. एकदा प्रेमाने सांगावे, मग विषय बदलावा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.

उपचार घेणे म्हणजे तवक्कुल सोडणे नव्हे. बल्ख येथील विद्वान अबू झैद अल-बल्खी (मृत्यू 934) यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि वसवशाला त्यात स्वतंत्र स्थान दिले. शरीराप्रमाणे मनही आजारी पडते, हे आपल्या पूर्वसूरींनी हजार वर्षांपूर्वीच ओळखले होते. ज्याला ताप आला त्याच्या ईमानाची आपण झडती घेत नाही. ज्याला वसवसा जडला त्याचीही घेऊ नये.