कपड्यांवरून गिऱ्हाईक ओळखू नकोस

चि. सुमेध,


कोल्हापूरला गाड्यांच्या शोरूममध्ये लागलास, बरं वाटलं. मायलेज, एअरबॅगा, फायनान्सच्या स्कीम तुला ट्रेनिंगमध्ये शिकवतील. दारातून आलेल्या माणसाच्या चपला बघून एन्क्वायरी ‘हॉट’ की ‘कोल्ड’ हे ठरवायला मात्र तू शेजारच्या टेबलावरूनच शिकशील. त्याआधी माझं ऐक.

जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकात तुमकुरूचा एक शेतकरी मित्रांना घेऊन पिकअप बघायला गेला. खिशात दहा रुपये तरी असतील का, असं सेल्समनने ऐकवलं. त्या शेतकऱ्याने तासाभरात दहा लाख रुपये आणले आणि म्हणाला, आता द्या गाडी. ती लगेच देता येईना. पुढे कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्या दहा लाखांचं सगळ्यांना कौतुक. पण ते त्याला जमवता आले नसते, तरी सेल्समनचं बोलणं तितकंच वाईट ठरलं असतं.

टार्गेट डोक्यावर असतं, टेस्ट ड्राइव्हची गाडी एकच असते, म्हणून माणूस अंदाज बांधतो, हे मला कळतं. पण आपल्या भागात तो अंदाज कपड्यांवरून बांधणं म्हणजे धंद्याचंही नुकसान. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून पुष्कळांकडे रिटर्नचे कागद नसतात. पण सातबारा असतो, कारखान्याची उसाची बिलं असतात. कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत उसाचे पैसे द्यायचा नियम आहे. (कारखाने तो किती पाळतात, हे तुझ्या आजोबांना विचार.) तेव्हा हंगामात धोतर-टोपीवाला आला, तर त्याला आधी खुर्ची दे. उलट कडक इस्त्रीचा शर्ट आणि भारी घड्याळवाला तीन वेळा गाडी फिरवून आणतो आणि सिबिलपाशी अडकतो, असंही दिसेल.

आणखी एक. नवरा-बायको आले की सगळे नवऱ्याशीच बोलतात. गाडी कोण चालवणार, हप्ता कोण भरणार, हे विचारल्याशिवाय समजत नाही. विचारताना ‘बजेट किती’ने सुरुवात करू नकोस, आत्ता कोणती गाडी आहे, घरात माणसं किती, रस्ता कसला, एवढं विचारलंस तरी बजेट आपोआप कळतं.

रजिस्टरात कुणापुढे ‘कोल्ड’ लिहिण्याआधी त्याला एकदा टेस्ट ड्राइव्ह विचारत जा. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा