हाताची भाषा

ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्याशी बोलायचे कसे? हाताने!

अमेरिकेतील हेलन केलर लहानपणी आजाराने आंधळी-बहिरी झाली. १८८७ साली तिच्या बाईंनी तिचा एक हात पाण्याच्या धारेखाली धरला. दुसऱ्या हातात बोटांच्या खुणांनी ‘पाणी’ हा शब्द दिला. मुलीला उमगले, प्रत्येक वस्तूला नाव असते! पुढे ती पदवीधर झाली.

मुंबईत १९७७ साली बेरोझ वाच्छा यांनी अशा मुलांसाठी हेलन केलरच्या नावाने संस्था काढली.

खुणा करणाऱ्याच्या हातांवर असा माणूस आपले हात हलके ठेवतो आणि खूण ओळखतो. ख्रिस्ती मंडळी येशूची गोष्टही अशीच सांगतात. मधले बोट तळहातावर टेकवले की येशू. ती खिळ्याची खूण.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात असे माणूस कुणाच्या घरी असेल, तर त्याला कोपऱ्यात बसवून ठेवू नका. आम्ही मास्तर, तरी आम्हांलाही वाटे, याला काय कळणार? ती आमची चूक. जवळ जाताना खांद्याला हळूच हात लावा. जेवणाआधी ताटली हातात द्या. रोज तीच खूण करा.

तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात ना? मग तोही शिकेल.