एजंटच्या टूलचं वर्णन: पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही

हापूसच्या मोसमात व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेणारा एआय एजंट बसवायचा, तर कोटेशनमध्ये सर्व्हर, जोडणी, देखभाल असे सगळे रकाने असतात. टूलची वर्णनं लिहिण्याचा रकाना मात्र शोधावा लागतो. बागायतदारानं तोच आधी मागावा.

टूल म्हणजे एजंटच्या हाती दिलेलं एकेक काम: साठा पाहणं, ऑर्डर नोंदवणं, पार्सल कुठवर आलं ते सांगणं. आतला कोड एजंटमागच्या भाषिक मॉडेलला दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी. कोणतं टूल कधी वापरायचं, हे मॉडेल त्यावरूनच ठरवतं. आणि हा मजकूर मॉडेलकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीबरोबर नव्यानं जातो. त्याच्या टोकनांचे, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे मोजतं त्यांचे, पैसे लागतात.

हिशेब करून पाहू. १२ टूल, प्रत्येकी २५० टोकन, म्हणजे ३,००० टोकन. एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यात मॉडेलकडे ६ फेऱ्या झाल्या तर १८,०००. क्लॉड सॉनेट ४.५ या मॉडेलला दहा लाख इनपुट (म्हणजे मॉडेलकडे जाणाऱ्या) टोकनांना ३ डॉलर पडतात. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर एका संवादामागे पाच रुपयांच्या आत. दिवसाला १०० संवाद असतील तर महिन्याला साडेचौदा हजार; कर आणि प्रत्यक्ष बोलण्याचे टोकन वेगळे.

आकडा पाहून पहिला मोह होतो तो वर्णनं छाटण्याचा. छाटू नका. त्याआधी ‘प्रॉम्प्ट कॅशिंग’ चालू आहे का, ते विचारा. त्यात पहिल्या वेळी सव्वापट आकार पडतो, पण पाच मिनिटांच्या आत तोच मजकूर पुन्हा गेला तर फक्त दहा टक्के. सहाही फेऱ्या त्या वेळेत बसल्या, तर वरचं बिल सव्वाचार हजारांवर येतं. अट एकच: मजकूर जसाच्या तसा राहायला हवा. वर्णनात आजचा भाव किंवा तारीख घातली की बदल होताच कॅश वाया. भाव टूलच्या उत्तरातून येऊ द्या.

दुसरी बचत टूलची संख्या कमी करण्यात आहे. ‘साठा पहा’, ‘भाव पहा’, ‘जात पहा’ अशी तीन सख्खी भावंडं असली की मॉडेल गोंधळतं. एकच टूल ठेवा.

आता वर्णन. ‘ऑर्डर नोंदवते’ एवढंच लिहिलं आणि रकान्याचं नाव नुसतं ‘प्रमाण’ ठेवलं, तर ‘दोन पाठवा’ म्हणणाऱ्याला दोन डझन जातील की दोन पेट्या? पेटीत किती डझन बसतात, तेही फळाच्या आकारावर ठरतं. आंबा परत येऊन पुन्हा विकला जात नाही, त्यामुळे अशी एक चूक कितीतरी संवादांचं टोकन-बिल गिळते. त्याऐवजी असं लिहा: ‘गिऱ्हाइकानं भाव आणि पत्ता मान्य केल्यावरच नवी ऑर्डर नोंदवते. प्रमाण डझनात. गिऱ्हाईक पेटी म्हणालं, तर किती डझनांची ते आधी विचारा, अंदाजानं भरू नका. जुनी ऑर्डर बदलायला हे टूल वापरू नका.’ क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनातही प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं द्या, असंच सांगितलं आहे. टूल चुकीचं वापरलं तर दुरुस्ती तशीही महाग: वरच्या मॉडेलचे आउटपुट (म्हणजे उत्तराचे) टोकन इनपुटच्या पाचपट दरानं पडतात.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, म्हणून वर्णन इंग्रजीत लिहून घ्यायला हरकत नाही. पण ‘पेटी’, ‘पायरी’, ‘कच्चा माल’ हे गिऱ्हाइकाचे शब्द त्यात असू द्या. ते शब्द प्रोग्रामरला नव्हे, तुमच्याकडे फोन उचलणाऱ्या माणसाला ठाऊक असतात. त्याला लिहिणाऱ्याशेजारी बसवा. त्या वेळेचे पैसे वेगळे मागितले तर द्यावेत, असं माझं मत.

पैसे रोखून धरायचे ते चाचणीसाठी. गेल्या मोसमातले पंचवीस-तीस खरे निरोप, नावं-नंबर काढून, एजंटला द्या आणि प्रत्येक वेळी कोणतं टूल, कोणत्या आकड्यांनी वापरलं याची नोंद मागा. शेवटचा हप्ता त्यानंतर. ‘विचारल्याशिवाय पैसे परत करू नका’ हे वर्णनात लिहिलं म्हणजे कुलूप लागलं असं नव्हे. परताव्याला माणसाची मंजुरी कोडमध्येच बसवून घ्या. आणि वर्णनांची फाइल तुमच्या ताब्यात राहील, हे करारात लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा प्रोग्रामर आणला तरी तीच वापरता येईल.